प्रकल्प नोंदी : ‘रिकामं डोकं’ दालन

१७ नोव्हेंबर, सोमवार

प्रदर्शनाचं काम पक्कं झालं. पेठेतल्या एका जुन्या वाचनालयाचा वरचा हॉल, २४ बाय १८ फूट, जानेवारीत ९ दिवस. विषय: विसावा, भरकटणारं मन आणि सुचणं. सहा फलक आणि एक ‘करून पाहा’ टेबल, सगळं ७० हजारांत. प्लायचा आजचा भाव सांगून सुतारकाकांनी आत्ताच मान हलवून ठेवली आहे.

नाव मी सुचवलं, ‘रिकामं डोकं’. अध्यक्ष सर चष्मा पुसत म्हणाले, “मॅडम, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, हे ऐकलंय ना? पालक म्हणतील, पोरांना आळस शिकवताय.” यावर तिथं काही सुचलं नाही. जिना उतरताना सुचलं: तो न्हावी तरी दुसरं काय करत होता, तुंबडीचा नवा उपयोगच शोधत होता की! परत वर जाऊन सांगावंसं वाटलं, पण आगाऊ रकमेचा चेक पर्समध्ये होता. गप्प घरी आले. नाव तूर्तास मंजूर.

२० नोव्हेंबर

दोन दिवस वाचन. पहिला फलक मेंदूचा.

सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले मार्कस रेकल आणि सहकारी स्कॅनखाली माणसांना कामं द्यायचे. काम सुरू झालं की मेंदूचे काही भाग जास्त चालतात, हे अपेक्षितच. पण काही भाग काम सुरू झालं की मंदावत, आणि काम कुठलंही दिलं तरी बहुतेक तेच भाग. याचा अर्थ माणूस नुसता पडून होता तेव्हा ते कामात होते. २००१ मध्ये त्यांनी हे मांडलं, आणि पुढं त्या भागांना ‘डिफॉल्ट मोड नेटवर्क’ हे नाव रुळलं. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, खर्च २० टक्क्यांच्या आसपास. आणि डोकं लावून काम करताना त्यात भर पडते ती जेमतेम काही टक्क्यांची. बाकीचा खर्च आपण बसलेलो असलो तरी चालूच.

हे सोपं करून सांगायचं कसं? वर्कशॉपातला पोरगा म्हणाला, “ताई, गाडी न्यूट्रलला, इंजिन चालू.” झकास वाटलं, लिहिलं, रात्री खोडलं. न्यूट्रलमधलं इंजिन जागच्या जागी घुरघुरतं, नवं काही करत नाही. हे जाळं जुन्या आठवणी उकरतं, उद्याची जुळवाजुळव करतं, समोरच्याच्या मनात काय चाललं असेल त्याचे अंदाज बांधतं. त्यापेक्षा आपलं १ ते ४ बंद असलेलं दुकान बरं: शटर अर्धं खाली, गिऱ्हाईक नाही, पण आत मालक उधारीची वही चाळतोय आणि पोऱ्या वरच्या फळीवरचा माल खालच्या फळीवर लावतोय. नवी मांडणी होते ती तेव्हाच. फलकावर हेच चित्र. चित्रकार म्हणाला, पाटीही काढू का? काढ म्हटलं, पण त्यावर टोमणा नको. पुण्याच्या पाट्यांवर लोक हसून झालेत.

२४ नोव्हेंबर

गोष्टींचा फलक. न्यूटनचं सफरचंद सगळ्यांनी सुचवलं, म्हणून ते घेतलं नाही.

प्वांकारे हा फ्रेंच गणिती एका गणिती प्रश्नाशी झटून मग सहलीला गेला, प्रश्न विसरला, आणि कुतांस गावी घोड्यांच्या बसच्या पायरीवर पाय ठेवताक्षणी त्याला उत्तर दिसलं. १९०८ मध्ये त्यानंच हे सांगून ठेवलंय. (पीएमपीच्या पायरीवर पाय ठेवताना आपल्या डोक्यात एकच प्रश्न असतो, आत मावणार का. तरी घेतलं.)

हॅमिल्टनची गोष्ट मला जास्त आवडते. डब्लिनचा हा गणिती तीन-तीन आकड्यांच्या जुड्यांचा गुणाकार कसा करायचा यावर अडला होता. सकाळी न्याहारीला आला की पोरं विचारायची, “बाबा, जमला का गुणाकार?” आणि तो मान हलवायचा, बेरीज-वजाबाकीच जमते अजून. १६ ऑक्टोबर १८४३ ला बायकोबरोबर कालव्याकाठानं चालत निघाला असताना त्याच्या लक्षात आलं की तीन आकड्यांनी भागत नाही, चौथा लागतो. खिशातला चाकू काढून त्यानं सूत्र पुलाच्या दगडावर कोरलं. आज पडद्यावरच्या खेळांतली चित्रं फिरवताना हे गणित कामी येतं. फलकावर मी त्या पुलापेक्षा न्याहारीचं टेबल मोठं दाखवणार आहे. पूल सगळ्यांनाच आवडतो. टेबलावर मात्र पोरं रोज विचारत होती, आणि तो रोज नाही म्हणत होता.

केकुले या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचा साप काढून टाकला. बेंझिन या रसायनाचा रेणू कड्यासारखा असतो असं मांडणारा त्याचा लेख १८६५ चा, आणि शेपूट तोंडात धरलेल्या सापाच्या स्वप्नाची गोष्ट त्यानं सांगितली १८९० च्या सत्कार समारंभात. सत्कारात माणूस काय काय सांगतो, आपण पाहतोच.

ग्रॅहम वॉलस या इंग्लिश विचारवंतानं १९२६ मध्ये सुचण्याच्या चार पायऱ्या केल्या. दुसरीला सर ‘उष्मायन’ म्हणा म्हणतात. मी म्हणते ‘मुरणं’. कैरीच्या फोडी मीठ-मसाला लावून बरणीत भरल्या की रोज झाकण उघडून बघण्यात अर्थ नसतो. पण बरणीत फोडीच घातल्या नाहीत तर मुरणार काय? तासभर वाद झाला. चार शब्द ठरले: तयारी, मुरणं, उजेड पडणं, ताळा. ताळा सरांचा. ते बँकेतून निवृत्त झालेत, आणि शब्द खरंच चपखल आहे.

२८ नोव्हेंबर

‘करून पाहा’ टेबल अडलं.

कल्पना अशी होती: काळ्या कापडाची एक खोपी, आत आरामखुर्ची, पाटी: ‘दोन मिनिटं मनाला मोकळं सोडा.’ जुन्या पडद्यांची खोपी करून पोराला आत बसवलं. चाळीसेक सेकंदांनी आतून निळा उजेड. मोबाईल. तो काढून घेतला, पुन्हा बसवला. बाहेर येऊन म्हणाला, “ताई, मी सारखा बघत होतो की मन मोकळं सुटलं का.” सुतारकाकांना बसवलं. ते घोरले.

मग मी बसले. मला कापडाच्या बिलाची आठवण आली.

भरकट म्हटलं की मन भरकटत नाही, हे मला आधी कळायला हवं होतं. कापडाचे २,३०० गेले.

३ डिसेंबर

२०१२ चा कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराच्या विद्यापीठातला प्रयोग पुन्हा नीट वाचला. १४५ जण. त्यांना साध्या वस्तूचे, उदाहरणार्थ विटेचे, जमतील तेवढे वेगळे उपयोग लिहायला सांगितले. (आमचा न्हावी!) मग १२ मिनिटांची सुट्टी. कुणाला डोकं गुंतवणारं काम, कुणाला अगदी हलकं, कुणाला नुसतं बसून राहायला सांगितलं, कुणाला सुट्टीच नाही. नंतर पुन्हा त्याच वस्तू, शिवाय काही नव्या. हलकं काम केलेल्यांची उत्तरं जुन्या वस्तूंबाबत ४० टक्क्यांच्या आसपास सुधारली. नव्या वस्तूंबाबत काही नाही. आणि नुसतं बसलेल्यांनाही तसा फायदा नाही!

म्हणजे माझी खोपी चुकली ती इथंच. आणि नव्या वस्तूंवर परिणाम नाही म्हणजे पुन्हा तेच: बरणीत आधी फोडी हव्यात.

पण पुढं इतरांनी हाच प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा परिणाम तसा मिळाला नाही. हेही फलकावर लिहायचं असं मी म्हटलं. सर म्हणाले, “मग लोक म्हणतील, नक्की काय ते सांगा ना.” मी २००९ चं एक एकत्रित विश्लेषण दाखवलं, त्यात ११७ अभ्यास एकत्र तपासले होते: अडलेला प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवल्याचा फायदा एकूणात दिसतो, आणि त्या वेळात हलकं काम असेल तर बरं. मधला वेळ उपयोगी पडतो हे बरंचसं ठरलंय. त्यात मन भरकटल्यामुळंच तो पडतो का, यावर अजून वाद आहे. दोन्ही वाक्यं एकाच आकाराच्या अक्षरांत छापणार. सरांनी मान डोलावली, फारशी खुशीत नाही.

टेबलाचं अजून काही नाही. बटणं आणि दिवे? मुलं तोडतात. टचस्क्रीन? बजेटमध्ये नाही, आणि स्क्रीन तर सगळ्यांच्या खिशात आहेच.

५ डिसेंबर

फळ्या कापल्या. बाकी काही नाही.

७ डिसेंबर, रविवार

मटार उतरलाय म्हणून आई आणि मावशी मंडईतून पाच किलो घेऊन आल्या. दुपारी जेवणं झाल्यावर जमिनीवर वर्तमानपत्र, मधे परात, आणि आम्ही तिघी. मी टेबलाचा कागद शेजारी घेऊन बसले होते. मावशीनं तो उचलून टरफलांखाली घातला.

पहिला किलोभर माझी बडबड, कंत्राट, सर, खोपी. मग आपोआप बोलणं थांबलं. शेंगेच्या टोकाला अंगठ्यानं दाबलं की टक् होतं, शिवण उघडते, अंगठा आतून सरकवला की दाणे परातीत टपटपतात. मधूनच एखादी अळी निघते, तेवढ्यापुरतं लक्ष जागं, की पुन्हा तेच. अंगठ्याचं नख हिरवं. तिसऱ्या किलोच्या सुमाराला मी कुठं होते सांगता यायचं नाही: आजोबांच्या सायकलला कॅरिअरवर जुन्या ट्यूबची पट्टी असायची, तिनं ते पोत्यापासून बंबाच्या लाकडांपर्यंत सगळं बांधत, मग बोहरी आळीतला बिजागऱ्यांचा दुकानदार, मग गॅस सिलिंडर नोंदवायचा राहिलाय, मग पुन्हा ट्यूब, पाण्याचा नळ गळायला लागला की आजोबा तिचाच तुकडा गुंडाळायचे. आणि हातातली शेंग तशीच धरून मी म्हटलं, “हेच.”

आई म्हणाली, “काय हेच? अळी आहे का?”

विटेऐवजी सायकलची जुनी ट्यूब. पुण्यात तिचे उपयोग सुचणार नाहीत असा माणूस विरळा, आणि शिवाय एखादा तरी असा सुचेल जो आधी कुणाला सुचला नव्हता. आणि मधल्या दहा मिनिटांत खोपी नाही, खुर्ची नाही: हातांना काम. निवडणं, सोलणं.

मंडईच्या कागदी पिशवीवर लिहून ठेवलं. त्याच पिशवीवर आणखी दोन कल्पना आहेत: छताला उलटी टांगलेली सायकल आणि मटारच्या आकाराचे दिवे. दोन्ही भंगार. त्याही तेवढ्याच जोरात सुचल्या होत्या, हे नोंदवून ठेवते. ताळा म्हणतात तो यासाठीच.

१० डिसेंबर

मटार बाद: दुसऱ्या दिवशी वास, शिवाय लोक खातात. वाती वळणं बाद: ज्यांना येत नाही ते सगळं लक्ष बोटांवर लावतात. कडधान्य निवडायचं ठरलं.

कुठलं, यात आजचा अख्खा दिवस गेला आणि मजा आली. मूग आणि मटकी मिसळून दिली तर माणसं डोळे बारीक करून वाकतात. विचार सगळा मुगावर. पाच प्रकार मिसळले तर स्पर्धा सुरू. नुसत्या तांदळात चार खडे, तर पोरगा दोन मिनिटांत खिशाकडे हात नेतो. राजमा आणि चवळी बरोबर: रंग लांबून कळतो, बोटं आपसूक चालतात, तरी हात सोडता येत नाहीत. मोबाईल धरायला तिसरा हात नसतो, हा फायदा आधी ध्यानातच आला नव्हता.

चालवण्याची रीत: ३ मिनिटं ट्यूबचे उपयोग लिहा, १० मिनिटं निवडा, पुन्हा ३ मिनिटं लिहा. ओळखीतल्या नऊ जणांवर केलं. याला प्रयोग म्हणायचं नाही, टेबलाची चाचणी म्हणायची. सुतारकाकांनी पहिल्या खेपेला चार लिहिले, चारही बांधण्याचे. दुसऱ्या खेपेला: ‘दाराच्या कडेला लावली तर दार आपटत नाही’ आणि ‘पटाशीच्या मुठीवर, हात घसरू नये म्हणून’. मग उठून सरळ पटाशी शोधायला गेले.

१४ डिसेंबर

मावशीला टेबल दाखवायला आणलं. पाच मिनिटं निवडलंन आणि म्हणाली, “अगं, हे तर आम्ही जन्मभर करत आलो. मग आम्हाला कोण विचारायला आलं, काय सुचलं म्हणून?”

मी विचारलं, काय सुचायचं?

भिशीचं गणित, म्हणाली. वाड्यात बारा बायकांची भिशी होती, एकीचा नवरा वारला, तिला मधेच नंबर द्यायचा तर बाकीच्यांचा हिशोब कसा बसवायचा, हे तिला गहू निवडताना सुटलं. लिहिलंस का? “हात पिठाचे, पेन्सिल कुठली? रात्रीपर्यंत लक्षात ठेवलं. कितीतरी राहिलं नाही.”

हॅमिल्टनच्या खिशात चाकू होता. टेबलाच्या चारही कडांना सुतळीनं पेन्सिली बांधायच्या, आणि कोऱ्या चिठ्ठ्यांचा खण अगदी हाताशी, निवडता निवडता लिहिता येईल असा. सुतारकाका म्हणाले, खणाचे साडेचारशे वेगळे. दिले.

१९ डिसेंबर

डुलकीचा फलक. पुणेकरांना हाच सर्वांत आवडणार, आणि यातच त्यांची निराशा आहे.

एडिसन हातात धातूचे गोळे धरून डुलकी घ्यायचा असं सांगतात. झोप लागली की मूठ सैल, गोळा खाली, आवाजानं जाग. २०२१ मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी ते तपासलं. १०३ जणांना आकड्यांची कोडी दिली. त्यांत एक छुपी युक्ती होती, ती सापडली की उत्तर झटक्यात यायचं. मधे २० मिनिटं विश्रांती, हातात पेला. झोपेच्या पहिल्या उंबरठ्यावर किमान १५ सेकंद काढलेल्यांपैकी ८३ टक्क्यांना युक्ती सापडली. जागेच राहिलेल्यांपैकी ३० टक्क्यांना. आणि त्यापुढच्या झोपेत गेलेल्यांपैकी १४ टक्क्यांना.

म्हणजे वामकुक्षीचा फायदा उंबरठ्यावरच. चार वाजेपर्यंत घोरणाऱ्याला यातलं काही नाही, जाग्या राहिलेल्या नोकरापेक्षाही त्याचे आकडे वाईट. सरांनी हे वाचून फोन केला. “मॅडम, मी रोज दीड तास झोपतो.” म्हटलं, सर, ती झोप तब्येतीला उत्तम, फलकावर तसंही लिहू.

स्वतः करून पाहिलं. आरामखुर्ची, हातात स्टीलची वाटी, खाली परात. पहिल्यांदा वाटी पडली तेव्हा मी दचकले आणि खालच्या मजल्यावरच्या काकूही. त्या वर येऊन बघून गेल्या. दुसऱ्यांदा खाली सतरंजी घातली. मग आवाज झाला नाही आणि मी पाऊण तास झोपले.

२६ डिसेंबर

फलक छापून आले. ‘विसावा’चं एका ठिकाणी ‘विसवा’. छापणाऱ्याचं म्हणणं, फाईलमध्ये तसंच होतं. पाहिलं. तसंच होतं.

सहाव्या फलकावरून शेवटची ओढाताण. मला तिथं २०१० चा अभ्यास हवाच: २,२५० माणसांना फोनवरून वेळीअवेळी विचारलं, आत्ता काय करताय, मन कुठंय, कसं वाटतंय. जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं, आणि अशा वेळी लोक कमी आनंदी होते. सर म्हणाले, पाच फलक भरकटण्याची आरती, आणि सहावा हा? पण रात्री तीनला छताकडे बघत तीच चूक चाळीसदा चघळणं हेही मनाचं भरकटणंच आहे, आणि त्यातून मला आजवर एक फळीही सुचलेली नाही. त्याच्या खाली २०१९ चा अभ्यास टाकला. भौतिकशास्त्रज्ञ आणि लेखक यांनी रोज स्वतःच्या कल्पनांची नोंद ठेवली. सुमारे पाचवा हिस्सा कल्पना काम सोडून दुसरंच काही करताना आणि मनातही भलतंच काही असताना आलेल्या, आणि अडलेली गाठ सोडवणाऱ्या कल्पना अशा वेळी आलेल्यांत जास्त. उरलेले चार हिस्से कामाला बसून किंवा निदान त्याच कामाचा विचार करताना आले, हे सरांनी ठळक करायला लावलं. केलं.

१० जानेवारी, शनिवार

उद्घाटन. टेबलाला आठ जागा, रांग जिन्यापर्यंत. एका आजोबांनी ट्यूबचे १९ उपयोग लिहिले, फलकावरच्या शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या (विसवा नव्हे, वेगळ्या), आणि निवडायला नकार दिला: “मला सुचायला असल्या कुबड्या लागत नाहीत.”

एक चवळी एका मुलाच्या नाकात गेली. आईनंच काढली. उद्यापासून सहा वर्षांखालच्यांना मोठा वाल.

१३ जानेवारी

बघत उभी राहिले तासभर. लोक निवडायला बसले की पहिली तीन-चार मिनिटं बोलतात, मग टेबल गप्प होतं. अनोळखी आठ माणसं, हात चालू, नजर कडधान्यावर आणि तिथं नाहीच. गंमत म्हणजे १० मिनिटं संपल्याची घंटा झाली की निम्मे जण वैतागतात. एक बाई म्हणाल्या, थांबा हो जरा. घंटा काढून टाकली.

१९ जानेवारी

आवराआवर. चिठ्ठ्या ४१२. बहुतेक ट्यूबच्याच: गलोल, झाडाच्या कलमाला बांधायला, बरणीचं घट्ट झाकण उघडायला, आणि एका मुलाचं, ‘हवा साठवून ठेवायला’. पण साठेक चिठ्ठ्यांत ट्यूबचा संबंधच नाही. ‘बाबांना सोमवारी फोन करायचा.’ ‘दुसरं कडवं आधी घ्यावं.’ ‘फ्लॅट विकू नये.’ या सरांना दाखवल्या नाहीत, वेगळ्या पाकिटात घातल्या.

पेन्सिली १२ पैकी ७ परत, सुतळ्या बाराही. खोपीच्या काळ्या कापडातून सुतारकाकांनी रंध्याला खोळ शिवून घेतली आहे.

राजमा-चवळी साडेतीन किलो शिल्लक, पूर्ण मिसळलेली. वेगळी करायला बसायचं का, असं मावशीला विचारलं. म्हणाली, “चवळी आधी शिजते, राजमा मागे राहतो. आण, बसू दुपारी. आणि पेन्सिल आण.”